कार्पेट-सोफा धुण्याच्या मशीनचा फवारा बारीक झालाय? पंप बदलण्याआधी हे वाचा

घरी येऊन सोफा, गादी, कार्पेट धुऊन देणारी मुलं तुम्ही पाहिलीच असतील. तुमच्यापैकी काहींनी स्वतः मशीन घेऊन हा धंदा सुरूही केला असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग, यूपीआयवर पैसे, भांडवल म्हणजे एक मशीन. आणि हे मशीन बिघडतं ते बऱ्याचदा एका साध्या गोष्टीमुळे, ती म्हणजे पाण्यातले क्षार. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण माझा मामेभाऊ पुण्यात हा धंदा करतो आणि मला वस्तू खोलून बघायची खोड आहे. त्यामुळे या विषयात बरंच डोकं घातलंय.

आधी मशीन काय करतं ते बघू. एका टाकीत स्वच्छ पाणी आणि केमिकल असतं. छोटा पंप ते पाइपमधून नोझलपर्यंत ढकलतो. नोझल ते पंख्याच्या आकारात कार्पेटवर फवारतं आणि त्याच क्षणी व्हॅक्यूम ते मळकं पाणी ओढून दुसऱ्या टाकीत टाकतो. काही मोठ्या मशीनमध्ये हीटरही असतो. बस, एवढंच.

पाणी कसं आहे, ते आधी बघा

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. हे पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून पांढरा थर होऊन चिकटतं. गिझरच्या कॉइलवर जो खडबडीत पांढरा लेप दिसतो, तोच हा. हीटरवर असा थर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जळते.

आता हिशोब करू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. समजा गिऱ्हाईकाकडे बोअरचं पाणी आहे आणि जडपणा ५०० आहे. म्हणजे १० लिटरच्या टाकीत ५ ग्रॅम क्षार. दिवसाला ६ टाक्या धरल्या तर ३० ग्रॅम, महिन्याच्या २५ दिवसांत ७५० ग्रॅम! हे सगळं मशीनमध्ये बसत नाही, बहुतेक फवाऱ्यातून बाहेर पडून मळक्या टाकीत जातं. पण नोझलचं छिद्र केवढं असतं ते एकदा बघा. ते बुजायला चिमूटभर पुरे.

इथे एक गैरसमज. बरेच जण ऑनलाइन टीडीएस मीटर मागवतात आणि आकडा बघून जडपणा ठरवतात. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. क्षार सोडियमचा की कॅल्शियमचा, हे त्याला कळत नाही. सोसायटीत सॉफ्टनर असेल तर कॅल्शियम जाऊन सोडियम येतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, पण थर धरत नाही. त्यापेक्षा जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या घ्या. पाण्यात बुडवायची, रंग जुळवायचा. या धंद्यात पाणी गिऱ्हाईकाच्या नळाचं असतं, एका घरी धरणाचं, दुसऱ्या घरी टँकरचं, म्हणून पट्ट्या बॅगेतच ठेवा.

हीटरच नाही, मग थर कुठून आला?

मामेभावाच्या मशीनला हीटर नाही. तरी गेल्या दिवाळीच्या तोंडावर, ऐन सीझनमध्ये, फवारा अगदी बारीक झाला. कार्पेट नीट भिजेना, एका जागी चार-चार वेळा फिरवावं लागे. सर्व्हिसवाल्याने न उघडताच सांगितलं, "पंप गेलाय, साडेआठ हजार, आठ दिवस लागतील." मशीनचा हप्ता चालू, आठ दिवसांची बुकिंग घेतलेली. दादाचा चेहराच उतरला.

कोडमध्ये बग सापडत नसेल तर आपण एकेक भाग वेगळा काढून तपासतो. इथेही तेच केलं. माहितीपुस्तिकेत फवारा मिनिटाला १ लिटर दिलेला होता. बादलीत मापाचा जग धरला आणि फोनचं स्टॉपवॉच लावलं. १ लिटर भरायला १ मिनिट ५० सेकंद लागले. मग नोझल काढून तेच केलं, तर ४५ सेकंदांत जग भरला. म्हणजे पंप ठणठणीत, अडकलंय ते शेवटच्या टोकाला. नोझल उजेडात धरलं तर छिद्राच्या कडेला पांढरी कड स्पष्ट दिसत होती.

थंड पाण्यात हे होतं त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे कार्पेटची बरीच केमिकल अल्कली असतात. अल्कलीमुळे बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, म्हणजे जे काम उष्णता करते तेच काम केमिकल करतं. दुसरं म्हणजे सुकणं. काम संपल्यावर नोझलमध्ये राहिलेला थेंब वाळतो, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. रोज एक थेंब, रोज एक पापुद्रा. माझ्या मते हीटर नसलेल्या मशीनचं निम्मं दुखणं या वाळण्यातच आहे. म्हणून शेवटचं काम झालं की अर्धा लिटर साधं, शक्यतो मऊ पाणी फवारून लाइन धुवा आणि टाकी रिकामी करा. दोन मिनिटांचं काम आहे.

थर काढायचा कसा

हा थर साबणाने निघत नाही, कारण तो मळ नाही. त्याला सौम्य अ‍ॅसिड लागतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड, यासाठी उत्तम. व्हिनेगरही चालतं, पण वास दोन दिवस जात नाही आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं.

आधी माहितीपुस्तिका बघा. कंपनीने स्वतःचं डिस्केलर सांगितलं असेल आणि वॉरंटी चालू असेल तर तेच वापरा. आत अ‍ॅल्युमिनियमचे भाग असतील तर अ‍ॅसिड त्यांना खातं, तेव्हा जपून. हीटर असेल तर बंद ठेवा.

टाकीतलं केमिकल धुऊन काढा, नाहीतर अल्कली आणि अ‍ॅसिड एकमेकांना मारून टाकतील. ५ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व पूर्ण विरघळवा. पंप चालू करून नोझलमधून पाणी येईपर्यंत चालवा, मग बंद करून २० मिनिटं तसंच राहू द्या. पुन्हा थोडं बादलीत फवारा, पुन्हा थांबा. असं तीन-चारदा. शेवटी साध्या पाण्याच्या दोन टाक्या भरून पूर्ण फवारून टाका. उकळतं पाणी घेऊ नका, कारण यातून तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात उलट कमी विरघळतं आणि पांढरा गाळ होऊन परत बसतं. आणि १०० ग्रॅम लिंबूसत्व फार तर पाऊणशे ग्रॅम थर काढू शकतं. थर जाड असेल तर ताजं पाणी करून दुसरी फेरी घ्या.

नोझल आणि पाइपच्या जोडातली बारीक जाळी काढून वाटीत वेगळी भिजवा. जुन्या टूथब्रशने घासा. टाचणी किंवा सुई अजिबात घालू नका. पितळेच्या छिद्राला ओरखडा पडला की पंखा तिरका होतो आणि कार्पेटवर पट्टे उमटतात.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड मशीनमध्ये ओतू नका. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते स्टीलसुद्धा खातं. आणि कुठलंही अ‍ॅसिड ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

दादाच्या नोझलला आणि लाइनला मिळून एक दुपार लागली. त्यानंतर १ लिटरला ५८ सेकंद. फोनच्या नोट्समध्ये तारीख आणि सेकंद लिहून ठेवले, आता दर सोमवारी मोजतो. ७० सेकंदांच्या वर गेलं की लिंबूसत्व, असं त्याने ठरवलंय.

मळक्या पाण्याची बाजू

इथे क्षारांपेक्षा फेसाची भीती जास्त. टाकी भरली की तरंगणारा गोळा व्हॅक्यूम बंद पाडतो, पण फेस हलका असल्यामुळे तो गोळा उचलत नाही, आणि ओला फेस थेट मोटरमध्ये जातो. गिऱ्हाईकाने आधी घरचा शॅम्पू लावला असेल तर हमखास असं होतं, म्हणून फेस मारणारं केमिकल जवळ ठेवा. केसांची जाळी प्रत्येक कामानंतर साफ करा. रात्री ही टाकी धुऊन झाकण उघडं ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाच्या हॉलमध्ये मशीन चालू केलं की पहिल्यांदा वासच बाहेर येतो.