बागेच्या राखणीस दोन साक्षी

डाळिंब काढणीस आले की चोरीचे भय वाढते. राखणीस हल्ली अल्प किमतीचे संवेदक मिळतात. परंतु एकट्यावर विसंबू नये. अवरक्त संवेदक शरीराची उष्णता हेरतो, पण ऊन हवेच्या झोतानेही चाळवतो. सूक्ष्मलहरी संवेदक हालचाल टिपतो, पण डोलणाऱ्या फांदीने फसतो. खोट्या घंटेस कंटाळून राखणदार ती बंद करतो आणि वर्षाचे श्रम चोराच्या हाती जातात.

दोघांच्या चुकांची कारणे भिन्न आहेत. म्हणून दोन्ही एकाच वाटेवर रोखावेत व काही सेकंदांत दोघांनीही इशारा दिल्यासच घंटा वाजेल अशी जोडणी करावी. कुत्रे मात्र दोघांसही फसविते. ते रात्री बांधावे. हवा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यास अवरक्त संवेदक मंदावतो. अशा वेळी राखणदाराने फेरी चुकवू नये.