हरवलेले उच्चार

इंग्रजी शिकताना 'नाइट' हा शब्द लिहिण्याची पाळी आली म्हणजे पुष्कळ मुले गोंधळतात. घोड्यावरून लढणारा सरदार, असा या शब्दाचा अर्थ. त्याच्या आरंभी 'के' लिहावा लागतो, मध्ये 'जी' आणि 'एच' घालावे लागतात. पण बोलताना या तिन्ही अक्षरांचा मागमूसही राहत नाही. मग ती लिहावयाची तरी कशाला? असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आळशी नव्हे. त्याची शंका अगदी रास्त आहे.

सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज हा शब्द 'क्निख्त' असा काहीसा उच्चारीत असे. ती अक्षरे तेव्हा मुकी नव्हती. चॉसर हा थोर कवी १४०० साली वारला. त्याच्या काळी 'टाइम' हा शब्द 'टीम'सारखा, 'हाउस' हा 'हूस'सारखा आणि 'नेम' हा तर आपल्या 'नाम' शब्दाच्या अगदी जवळचा ऐकू येई! पुढील तीन शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वर एकामागून एक आपली जागा सोडून सरकत गेले. 'आ'चा 'ए' झाला, 'ए'चा 'ई' झाला आणि मूळच्या 'ई'ला सरकावयास जागाच न उरल्यामुळे तो फुटून 'आइ' झाला.

हे स्थलांतर चालू असतानाच, १४७६ साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातील पहिला छापखाना काढला. छापील पुस्तकांमुळे शब्दांचे लेखन हळूहळू स्थिर झाले. उच्चार मात्र थांबला नाही. घरातील माणसे केव्हाच निघून जावी आणि दारावर त्यांच्या नावाची पाटी तशीच राहावी, तसे हे झाले. आपणही 'ऋषी' लिहितो आणि 'रुशी' म्हणतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र तयार केले ते १८७७ साली. मग त्यापूर्वीच्या माणसांचा आवाज आपल्याला कळला कसा? कवितांतील यमकांवरून, कारण आज न जुळणारे पुष्कळ शब्द त्या काळी कानाला जुळत होते. जॉन हार्ट याच्यासारख्या लेखकांवरूनही तो कळतो. १५६९ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने इंग्रजी उच्चारांचे बारकाईने वर्णन केले आहे. परंतु मला सर्वांत मौजेचा वाटतो तो पुरावा निराळाच आहे. बेताचे शिकलेले लोक पत्र लिहीत, तेव्हा शब्द जसा ऐकू येई तसाच लिहीत. त्यांच्या चुका आज पंडितांना मोलाच्या वाटतात.

आता 'र'ची गोष्ट पाहा. आपण 'कार', 'मार्केट' असे म्हणताना 'र' स्पष्ट उच्चारतो. लंडनचा सुशिक्षित मनुष्य तो गाळतो. यावरून आपल्या उच्चाराला कोणी अडाणी म्हटले, तर त्याला शेक्सपिअरची आठवण द्यावी. त्याच्या काळी लंडनमध्येही हा 'र' ऐकू येत होता. लंडनकर तो अगदी अस्पष्ट उच्चारतात, अशी नोंद जॉन वॉकर याने १७९१ सालच्या आपल्या उच्चारकोशात केली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात 'र' गाळून यमक जुळविणाऱ्या कवींना टीकाकारांनी हिणविले. आणि अखेर तोच 'र' गाळणे इंग्लंडात प्रतिष्ठेचे ठरले! स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेचा बहुतेक भाग यांनी मात्र जुना 'र' सोडला नाही.

ध्वनिमुद्रणाच्या सोयीमुळे हा पालट आता प्रत्यक्ष ऐकता येतो. राणी एलिझाबेथ १९५२ ते २०२२ या काळात गादीवर होत्या. दरवर्षी नाताळात त्यांचे भाषण प्रसारित होई. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्यांची १९५० नंतरच्या दशकातील आणि १९८० नंतरच्या दशकातील भाषणे यंत्रावर तपासून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पूर्वी 'हॅट'मधील स्वर राणी 'हेट'कडे झुकवून बोलत. पुढे तो बराच मोकळा झाला होता. राणींचे उच्चार त्यांच्या नकळत सामान्य प्रजाजनांच्या उच्चारांकडे सरकले होते.