आधी पाण्याची भीती घालवा!

घरातलं कुणी अचानक पहाटे पाचला उठू लागलं, सायकलची चेन पुसत बसू लागलं, की समजावं, ट्रायथलॉनचं खूळ शिरलं! मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन शर्यत पुरी केली. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्धी आयर्नमॅन झाली. आपणही उतरावं असं वाटणारच. पण अर्धी म्हणजे तरी किती? १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१ किलोमीटर धावणं! नवख्याने तिकडे सध्या पाहू नये. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं, ही 'स्प्रिंट' शर्यत पहिल्या वर्षाला पुष्कळ झाली.

सायकल आणि धावणं त्यामानाने जमून जातं. दमलं तर थांबता येतं. अडतं ते पाण्यात. या शर्यतींतले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झाले आहेत, हे घरच्यांनाही ठाऊक असलेलं बरं. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलं पोहणं माणसाला बुडू देत नाही, हे खरं. पण मान वर काढून पोहलं की पाय खाली जातात आणि थोडक्यातच दम लागतो. तोंड पाण्यात ठेवून श्वास तिथेच सोडायचा आणि मान बाजूला वळवून नवा घ्यायचा, ही सवय आधी पोहण्याच्या तलावात लागू द्या. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास. वेगाची घाई नको.

मग उघडं पाणी. तिथे तळाशी काळी रेघ नसते, धरायला कठडा नसतो, आणि शर्यतीत आजूबाजूचे लाथा झाडत पुढे जात असतात. आठ-दहा हात मारले की डोकं वर काढून दिशा पाहावी लागते. जीव घाबरला तर उताणं होऊन तरंगायचं, हेही शिकून घ्या. एकट्याने कधीच जायचं नाही. पावसाळ्यात समुद्रात तर मुळीच नाही. छातीत दुखत असेल किंवा घराण्यात हृदयविकार असेल, तर प्रवेशअर्ज भरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सायकलीबरोबर हेल्मेट हवंच. सायकल महागडी नसली तरी चालते. एक गंमत मात्र आधीच अनुभवून ठेवा. सायकलवरून उतरून लगेच पळू लागलं की पाय आपले नाहीतच असं वाटतं! म्हणून आठवड्यातून एकदा सायकल भिंतीला टेकवली की दहा मिनिटं तरी धावावं. शर्यतीच्या दिवशी नवे बूट नकोत आणि पोटाला अनोळखी खाणंही नको. रोजचं केळं काय वाईट आहे?