बीदरचे घोडे आणि समुद्राचा वारा

आळंदच्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असे अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. आकडा ऐकीव असेल. पण आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या या गावी १४७० च्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरे, एवढे खरे. बहमनी राज्याची राजधानी बीदर समुद्रापासून दूर. तिच्या घोडदळाचे चांगले घोडे मात्र अरबस्तान-इराणकडून गलबतांतून चौल, दाभोळला उतरत.

निकितिन स्वतः होर्मुझहून घोड्यांच्या गलबतातून आला. चौल गाठायला सहा आठवडे लागले. ईस्टरनंतर, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखात निघून मृगाच्या पावसाआधी किनाऱ्याला लागायचे, असा हा हिशेब. उशीर झाला तर खवळलेल्या समुद्राशी गाठ. होर्मुझच्या जहाजांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीने शिवलेल्या असतात आणि त्यांतली पुष्कळ बुडतात, हे मार्को पोलोने तेराव्या शतकातच नोंदवले होते. ध्रुवताऱ्याची उंची मोजून नाखव्याला आपण किती उत्तरेला आहोत ते कळे. पूर्व-पश्चिम अंतर मात्र अंदाजानेच धरावे लागे.

परतताना हा अंदाज चुकला. दाभोळहून होर्मुझपर्यंतचे भाडे दोन सोन्याची नाणी. महिनाभर पाण्याशिवाय काही दिसले नाही. पुढच्या महिन्यात डोंगर दिसले, ते हबसाणचे! ज्या देशाचे लोक दख्खनच्या दरबारांत चाकरीला होते, त्याच्या किनाऱ्याला लागताच जहाजावरच्यांनी देवाचा धावा सुरू केला. तांदूळ, मिरी, भाकरी वाटली, तेव्हा लूट टळली. पाच दिवसांनी जहाज निघाले आणि बारा दिवसांत मस्कतला पोचले.

बीदरचा वजीर महमूद गावान हाही १४५३ मध्ये दाभोळला उतरलेला गीलानचा व्यापारी. त्याने १४७२ मध्ये गोवा जिंकले. आपण ही लढाई म्हणून शिकवतो. पण बंदर हाती आले की विजयनगरकडे जाणारे घोडे अडवता येतात, हे गणित त्यात होतेच. वारा कोणाच्या हाती नव्हता, निदान धक्का तरी असावा.

निकितिनचे धर्मग्रंथ येतानाच व्होल्गेच्या मुखाशी लुटले गेले होते. त्यामुळे सण कधी, उपवास कधी, हे तो परमुलखात अंदाजाने ठरवी. कॅस्पियन, अरबी आणि काळा, असे तीन समुद्र ओलांडूनही तो आपल्या त्वेर शहरी पोचला नाही. स्मोलेन्स्कजवळ, जमिनीवरच वारला. टिपणे मात्र १४७५ मध्ये मॉस्कोला पोचली.