वणवा-छावणीच्या शेजारचे गाव

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके म्हणजे मेळघाटचा डोंगराळ मुलूख. येथे माघ सरताच रानाचे रूप पालटते. सागाच्या पानांचा जाड थर जमिनीवर साचतो, गवत वाळते, नाले आटू लागतात. अशा वेळी एक ठिणगीही पुरेशी होते. म्हणून १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम मानला जातो. या काळात रानातील चौक्यांवर व छावण्यांवर वनरक्षकांच्या जोडीला हंगामी मजूर ठेवले जातात. ते बहुधा जवळच्याच कोरकू गावांतील असतात. छावणी ही अशा रीतीने गावापासून निराळी वस्तू नव्हे. गावातीलच काही घरांची ती चार महिन्यांची रोजी होय.

छावणीचे काम

हंगामापूर्वी जाळरेषा काढणे हे छावणीचे पहिले काम. ठराविक रुंदीच्या पट्ट्यातील गवत व पालापाचोळा काढून वा देखरेखीखाली जाळून जमीन मोकळी केली जाते. तेथवर आलेल्या आगीस पुढे खाद्य मिळत नाही. त्यानंतर उंच जागेवरून टेहळणी, फेरी आणि धूर दिसताच धाव, असा क्रम चालतो.

आता उपग्रहाचीही मदत होते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आगीची सूचना भ्रमणध्वनीवर येते. परंतु उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच डोक्यावरून जातो, आणि त्याचा एक ठिपका सुमारे ३७५ मीटरचा असतो. लहान आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. गुराख्यास मात्र धूर तत्काळ दिसतो. पहिला तास हा छावणीचा नसून गावाचा आहे, तो याच कारणाने.

आग लागते कशी?

आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात. ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो व ती आग पुढे पसरते. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी, गुरांना कोवळे गवत मिळावे, या समजुतीनेही आग लावतात. विझविल्याविना फेकलेली विडी ही आणखी एक बाब.

कोवळे कोंब दिसतात हे खरे. पण त्यासाठी द्यावी लागणारी किंमत मोठी असते. सागाची व मोहाची लहान रोपे मरतात, उभा वाळलेला चारा जातो, आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून खालच्या शेतात व नाल्यात येते. जुन्या मोहाच्या जागी नवा मोह उभा राहिला नाही, तर पुढील पिढीने फुले कोठून वेचावीत?

गावाने काय करावे?

पाचोळा न जाळता झाडून गोळा करावा व कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरल्यास फुले स्वच्छ मिळतात. कचरा व माती न लागलेल्या मोहास भावही बरा येण्याचा संभव असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव ग्रामसभेचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर या गावाने तेंदूपाने तोडणेच बंद केले. कारण त्यापायी झाडे छाटली जातात व आगी लावल्या जातात. हाती येणारा पैसा सोडणे सोपे नव्हे. प्रत्येक गावाने तसेच करावे असे नाही. परंतु आगीविषयी निर्णय गाव घेऊ शकते, हे यावरून दिसते.

छावणीशी व्यवहार स्पष्ट असावा. पाणी कोणत्या विहिरीचे वापरावे, मजुरांची हजेरी कशी नोंदवावी, मजुरी केव्हा मिळेल व धूर दिसल्यास निरोप कोणी न्यावा, हे आधीच ठरवावे. मजुरीची कुरबूर राहिली की आगीच्या वेळी हात मागे राहतात.

आग विझविताना

चढावर आग वेगाने धावते. म्हणून आगीच्या वरच्या अंगास कधीही उभे राहू नये. परतीची वाट ठरवूनच पुढे जावे. सुती कपडे घालावेत. नायलॉनचे कपडे वितळून अंगास चिकटतात. ओल्या डहाळ्यांनी आगीच्या कडेवर झोडपावे. वारा पडल्यावर, रात्री व पहाटे आग मंदावते. ती वेळ साधावी. मुलांना नेऊ नये. विझल्यासारखे दिसणारे ओंडके पुन्हा पेटतात, त्यांवर पहारा ठेवावा.

कायदा काय सांगतो?

राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये गुन्हा आहे. त्याच अधिनियमाच्या ७९ व्या कलमानुसार, राखीव वा संरक्षित वनातून उपज घेण्याचा किंवा गुरे चारण्याचा ज्यास हक्क आहे, त्याने आगीची बातमी विनाविलंब द्यावी आणि बोलावणे आले वा न आले तरी ती विझविण्यास झटावे, असे बंधन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस वनरक्षणाचा अधिकारही दिला आहे. हक्क आणि जबाबदारी अशा प्रकारे एकत्रच येतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मोहाचा बहर सुरू होण्यापूर्वीच सभा बोलवावी आणि छावणीच्या वनरक्षकास तीत बसवावे. मोहाखालची आग बंद झाली, तर छावणीचे निम्मे ओझे गावातच उतरेल.