डिकीतल्या खोक्याचं गुपित

मुलांनो, गाडीच्या डिकीत लाकडी खोकं आणि त्यात भलामोठा स्पीकर पाहिलाय ना? तोच सबवूफर. खोकं शोभेचं नव्हे बरं का! स्पीकरचा पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींत मिसळल्या, की ढोलाचा घुमारा तिथंच विरतो. खोकं मागची लाट कोंडून ठेवतं. १९५४ साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी हवाबंद खोक्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला. छोट्या खोक्यातूनही खर्ज घुमू लागला. पण खोकं फारच लहान केलं, तर ही स्प्रिंग ताठरते आणि खालचे सूर हरवतात. आणि फट राहिली तर? खर्जाचा सूर लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवायची, अर्थात मोठ्यांच्या देखत. धूर जिथं थरथरेल, तिथंच हवा निसटतेय!