पाण्याखालचा पहिला धडा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यावे, हा प्रश्न एके काळी फार सोपा होता. आजोळ, नाही तर एखादे देवस्थान. तिसरा पर्याय निघतच नसे. आता चौदा वर्षांचा चिरंजीव फराळाच्या ताटावर जाहीर करतो, "बाबा, मला मालवणला स्कूबा करायचंय!" आणि बाबा चकलीचा तुकडा हातात तसाच धरून आईकडे पाहतात.

मुलाचा हा हट्ट मुळीच गैर नव्हे. ज्या सिंधुदुर्गाच्या बांधकामाला 1664 साली आरंभ झाला, त्याच्या भोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले, ते याच संपत्तीसाठी. पाठीवर हवेची टाकी बांधून हे वैभव पाहण्याची सोय कूस्तो आणि गान्याँ या दोघा फ्रेंच गृहस्थांनी 1943 साली केली. तेव्हापासून पाणबुड्याची विद्या सामान्य माणसाच्या आटोक्यात आली.

परंतु 'स्कूबा' या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू मिळतात, हे आईबापांनी आधी ओळखावे. पहिली वस्तू म्हणजे फेरफटका. प्रशिक्षक मुलाला धरून खाली नेतो, मासे दाखवतो, छायाचित्र काढतो आणि वर आणतो. दुसरी वस्तू म्हणजे शिक्षण. 'पॅडी' या जागतिक संस्थेच्या नियमांनुसार दोहोंसाठी वय किमान 10 वर्षे लागते. फेरफटक्यात 12 मीटरपेक्षा खोल जायचे नसते. शिक्षणक्रमाला साधारण तीन-चार दिवस लागतात. त्यात पुस्तकी पाठ, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार बुड्या येतात; शिवाय 200 मीटर पोहून आणि 10 मिनिटे तरंगून दाखवावे लागते. फेरफटक्यात कमीपणा काही नाही. मात्र त्यातही बुडी मारण्यापूर्वी उथळ, शांत पाण्यात धडा झालाच पाहिजे.

तो धडा कशासाठी? आपण मुलांना उठता-बसता 'दम धर' म्हणून बजावतो. पाण्याखाली पहिला नियम नेमका उलटा: दम कधीही धरायचा नाही! दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा कोंडून कोणी वर आला, तर ती दुप्पट जागा मागू लागते, आणि फुप्फुसे काही फुगा नव्हेत. पाणी उथळ असले तरी हा धोका टळत नाही. घाबरलेला मुलगा पहिली गोष्ट करतो ती हीच, श्वास कोंडून वर धाव घेतो. म्हणून श्वास चालू ठेवण्याची सवय आधी लागावी लागते. कानांचेही तसेच. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे. दुखले तर थांबून जरा वर यायचे, आणि तरीही दुखले तर परत फिरायचे.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आणि चालू आहे का? एका प्रशिक्षकामागे मुले किती? (समुद्रात नवखे चारांहून अधिक नसावेत.) मुलाच्या मापाचा मुखवटा आणि जाकीट आहे का? होडीत प्राणवायूची नळकांडी आहे का? दमा, आकडी, कानाची शस्त्रक्रिया यांविषयी जो काहीच विचारत नाही, त्याच्याकडून उठून यावे. प्रकृतीचा तक्ता भरताना एखादे दुखणे लपवणे म्हणजे मुलाशीच वैर. साधी सर्दी असली तरी त्या दिवशीची बुडी रद्द करावी. आणि बुडी एकच असली तरी पुढचे निदान 12 तास विमानात बसू नये. एकाहून अधिक असल्या तर 18. मोटारीने लगेच घाट चढायचा असल्यास प्रशिक्षकाला आधी विचारावे.

एक प्रश्न मात्र मुलासमोर विचारावा: "ऐन वेळी याला नको वाटलं तर?" "काही होत नाही हो, आम्ही नेतो ओढून!" असे हसत सांगणारा गृहस्थ कितीही गोड असला, तरी आपल्या कामाचा नाही. "मग वर येऊ, नंतर पाहू," म्हणणारा खरा गुरू. पाण्याखाली बोलता येत नाही. तिथे अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला' असा अर्थ होतो. ती खूण केल्यावर आपल्याला वर नेतील, कोणी हसणार नाही, ही खात्री असलेलाच मुलगा निर्धास्तपणे श्वास घेतो.

दम धरायचा तो आईबापांनी. पैसे भरले आहेत, सुट्टी संपत आली आहे, शेजारचा मुलगा जाऊन आला आहे, यांतले एकही कारण मुलाला पाण्यात ढकलण्याजोगे नाही. पावसाळा लागेपर्यंत मोसम चालतो. दिवाळीत जमले नाही, तर परीक्षा आटोपल्यावर जावे. तोवर त्याला जवळच्या तलावात नीट पोहायला शिकवावे.